क्रमिक पुस्तक आणि अध्यापकाचे वचन

महाविद्यालयात गणिताचे क्रमिक पुस्तक बदलते, ही गोष्ट वरवर पाहता इतकी किरकोळ आहे की तिच्यात नीतीचा काही प्रश्न दडला असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. जुने पुस्तक बाजारात मिळेनासे होते, नवी आवृत्ती निघते, किंमत परवडेनाशी होते, अभ्यासमंडळावर नवे सभासद येतात किंवा वरून नवे धोरण जाहीर होते. कारण कोणतेही असो, विषयपत्रिकेतील एका पुस्तकाचे नाव खोडून तेथे दुसऱ्याचे घातले जाते आणि पावसाळ्याच्या आरंभी विद्यार्थी नवे पुस्तक बगलेत मारून वर्गात येऊन बसतात. परंतु त्याच विषयपत्रिकेत आणखी एक यादी असते. हा अभ्यासक्रम पुरा केल्यावर विद्यार्थ्यास अमुक समजेल, तमुक करता येईल, असे तीत लिहिलेले असते. तिला हल्ली 'अध्ययन-निष्पत्ती' असे भारदस्त नाव मिळाले आहे. पुस्तक बदलले म्हणजे या यादीचे काय करावयाचे? हा प्रश्न कारकुनी आहे आणि तो कचेरीत बसून सोडवावा, असे पुष्कळांस वाटते. आमचे मत निराळे आहे. आमच्या मते हा वचनपालनाचा प्रश्न आहे, आणि गणितासारख्या विषयात तर तो दिसतो त्याहून बराच बिकट आहे.

या यादीचा जन्म चांगल्या हेतूने झाला, हे प्रथम मान्य केले पाहिजे. पूर्वी अध्यापकास विचारावे, यंदा काय शिकविले, तर तो सांगे, "अमक्याचे पुस्तक बारा प्रकरणांपर्यंत संपविले." पुस्तक संपले ते अध्यापकाचे, विद्यार्थ्याच्या पदरात काय पडले याची विचारपूस कोणी करीत नसे. अमेरिकेतील राल्फ टायलर यांनी १९४९ सालच्या आपल्या छोट्या ग्रंथात आग्रहाने सांगितले की, शिकविण्याचा हेतू विद्यार्थ्यामध्ये घडावयाच्या बदलाच्या भाषेत लिहावा. १९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा हेतूंची चढती श्रेणी मांडली. आपल्याकडे १९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेने आणि अभियांत्रिकीपुरते राष्ट्रीय प्रत्यायन मंडळाने ही पद्धत महाविद्यालयांच्या गळी उतरविली. भारत २०१४ साली वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सभासद झाला तेव्हापासून तर अभियांत्रिकी महाविद्यालयांस तिच्यावाचून गत्यंतरच उरले नाही.

मूळ कल्पना उत्तम. पण व्यवहारात तिचे काय झाले? नव्या पुस्तकाची अनुक्रमणिका समोर घ्यावी, प्रत्येक प्रकरणाच्या मथळ्यास 'सांगता येईल', 'वापरता येईल', 'विश्लेषण करता येईल' अशी क्रियापदे जोडावी, की यादी तयार. मग एक कोष्टक आखावे, अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती एका बाजूस, पदवीच्या निष्पत्ती दुसऱ्या बाजूस लिहाव्या, आणि संबंध थोडा असेल तेथे १, मध्यम असेल तेथे २ व दाट असेल तेथे ३ असे आकडे भरावे. संख्याशास्त्र शिकविणारी मंडळीही हे आकडे भरून त्यांची सरासरी काढतात, हे पाहून आम्हांस नेहमी कौतुक वाटत आले आहे. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा हा प्रकार.

पुस्तक बदलल्यावर या यादीचे दोन प्रकारे हाल होतात. कोठे यादी जुनीच राहते; तीत लिहिलेली गोष्ट नव्या पुस्तकात नाही, म्हणून वर्गात शिकविली जात नाही, पण छापलेली मात्र असते. हे असत्य झाले. कोठे यादी नव्या अनुक्रमणिकेवरून पुन्हा लिहिली जाते. मग ती खरी असते, पण तिला काही किंमत उरत नाही. कारण जे शिकवू तेच शिकविण्याचे वचन दिले होते असे मागाहून म्हणणाऱ्याने वस्तुतः कोणतेच वचन दिलेले नसते. बाण जेथे रुतला तेथे मागाहून वर्तुळ काढणाऱ्या तिरंदाजाला नेमबाज कोण म्हणेल? आणि हे वचन एकट्या विद्यार्थ्याला दिलेले नाही. पुढच्या वर्षी त्याच विद्यार्थ्यास शिकविणारा दुसरा अध्यापक त्या यादीवर विसंबून आपली इमारत उभारतो. त्याहून पुढे, ज्या अनोळखी माणसांनी या महाविद्यालयाचा उंबरठाही पाहिला नाही, तीही पदवीच्या कागदावर विश्वास ठेवून त्या विद्यार्थ्याच्या हाती आपले काम सोपवितात.

यावर सरळ उत्तर असे सुचते की, साध्य निराळे आणि साधन निराळे. पुस्तक ही केवळ गाडी. गाडी बदलली तरी माल तोच राहावयास हवा. साध्य आधी ठरवावे, मग त्यास जुळेल ते पुस्तक घ्यावे, आणि उणे पडेल ते अध्यापकाने भरून काढावे. हे उत्तर पुष्कळ अंशी खरे आहे. पण ते पुरे आहे काय, हे पाहण्यासाठी आपण थोडे मागे जाऊ. कारण पुस्तक आणि साध्य यांचा संबंध नेहमीच असा मानला गेला आहे असे नाही.

चाळीसगावाजवळील पाटण येथील एका शिलालेखाकडे डॉ. भाऊ दाजी यांनी १८६५ साली विद्वानांचे लक्ष वेधले. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या पदरी ज्योतिषी होता. त्याने आजोबांच्या 'सिद्धांतशिरोमणी'चे व घराण्यातील इतर ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापिला, आणि निकुंभ घराण्यातील स्थानिक अधिपतीने त्यास दान दिले. लेखाचा शेवटला भाग जुन्या मराठीत असून मठासाठी लावून दिलेल्या उत्पन्नाची हकीकत त्यात आहे. या विद्यालयाची 'अध्ययन-निष्पत्ती' काय होती? ग्रंथ हीच. 'लीलावती' व 'बीजगणित' ज्यास आली त्यास गणित आले. येथे ग्रंथ हे साधन नव्हतेच, ते साध्य होते. आणि ते बदलण्याचा विचारही कोणाच्या मनास शिवला नसता.

आजच्या वाचकास हे जडत्वाचे लक्षण वाटेल. पण पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. 'लीलावती' रचली गेली ११५० साली. तीत रीती आहेत, उदाहरणे आहेत, पण रीत खरी का, याचे विवरण मूळ श्लोकांत बहुधा नाही. सुमारे चारशे वर्षांनी, १५४५ साली, कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी तिच्यावर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, आणि तीत रीतींच्या उपपत्ती दिल्या. म्हणजे ग्रंथाचे एक अक्षर न बदलता शिकणाऱ्याकडून करावयाची अपेक्षा वाढली! कालचा विद्यार्थी रीत लावून उत्तर काढी. गणेशांच्या टीकेचा विद्यार्थी ते उत्तर तसेच का आले पाहिजे हेही सांगू लागला. ग्रंथ स्थिर आणि साध्य चढते, अशी ही स्थिती होती. आपल्याकडे आज ग्रंथ दर चार वर्षांनी हलतो आणि साध्य मात्र, क्रियापदे सोडली तर, होते तेथेच बसलेले असते. या दोहोंत प्रगत कोण, हे आम्ही वाचकांवरच सोपवितो.

तथापि ग्रंथ स्थिर ठेवावा एवढाच बोध यातून काढणे बरोबर होणार नाही. जो ग्रंथ दोन हजार वर्षे स्थिर राहिला, त्याचीच कथा याच्या उलट आहे, आणि आमच्या प्रश्नाचा खरा पीळ तीत सापडतो. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत भूमिती म्हणजे युक्लिड. केंब्रिजच्या पहिल्या परीक्षेतही युक्लिडचे सिद्धांत युक्लिडच्याच क्रमाने मागत. मुले ते समजून घेण्याऐवजी पाठ करीत, ही तक्रार जुनी होती. रग्बी येथील शिक्षक जे. एम. विल्सन यांनी १८६८ साली निराळ्या क्रमाची भूमिती लिहिली. १८७१ साली भूमितीचे शिक्षण सुधारण्यासाठी शिक्षकांची एक संस्था निघाली. आणि पाहता पाहता दहाबारा प्रतिस्पर्धी पुस्तके बाजारात आली. प्रत्येकाचा क्रम वेगळा, गृहीते वेगळी, समांतर रेषांची व्याख्याही वेगळी.

त्या वेळी ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात चार्ल्स डॉजसन नावाचे गणिताचे व्याख्याते होते. जग त्यांना 'ॲलिस'च्या गोष्टीचे कर्ते लुईस कॅरल म्हणून ओळखते. त्यांनी १८७९ साली 'युक्लिड आणि त्याचे आधुनिक प्रतिस्पर्धी' या विषयावर चक्क एक नाटक लिहिले. पडदा उघडतो तेव्हा मिनॉस नावाचा परीक्षक उत्तरपत्रिका तपासीत बसला आहे. एका परीक्षार्थ्याने पहिल्या पुस्तकातील एकोणिसावा सिद्धांत सिद्ध करताना विसावा गृहीत धरला आहे. एकोणिसावा म्हणजे त्रिकोणात मोठ्या कोनासमोर मोठी बाजू असते हा. विसावा म्हणजे दोन बाजूंची बेरीज तिसरीहून अधिक असते हा. युक्लिडने विसावा सिद्ध केला आहे तो एकोणिसाव्याच्याच आधारे. मग हा परीक्षार्थी चोर की साव? चक्रात फिरून मूळ ठिकाणी आला म्हणून त्यास शून्य द्यावे, की त्याच्या पुस्तकात विसावा सिद्धांत आधी दुसऱ्याच रीतीने सिद्ध केला असेल म्हणून पूर्ण गुण द्यावे? उत्तरपत्रिकेवरून हे कळण्यास मार्ग नाही. डॉजसन यांची तक्रार विनोदात गुंडाळलेली असली तरी तिचे मर्म गंभीर आहे. गणितात एखादे विधान सिद्ध झाले किंवा नाही, हे त्याच्या आधी काय मान्य झाले आहे यावर अवलंबून असते. क्रम ही येथे मांडणीची सोय नसून तो सिद्धतेचाच एक अवयव आहे.

म्हणूनच गाडीची आणि मालाची उपमा गणितास पुरती लागू पडत नाही. इतिहासाचे पुस्तक बदलले तरी पानिपताची लढाई १७६१ सालीच होते. गणिताचे पुस्तक बदलले की सिद्धांत तेच राहतात खरे, पण त्यांतील कोणता पाया आणि कोणता कळस, हे बदलते. आणि तसे झाले की तेच उत्तर एके ठिकाणी बरोबर व दुसऱ्या ठिकाणी चूक ठरू शकते.

हा प्रकार युक्लिडबरोबर संपला असे कोणी समजू नये. आजच्या महाविद्यालयातील कॅल्क्युलसच्या पहिल्याच वर्षाचे एक उदाहरण घेऊ. साइन क्ष यास क्ष ने भागले, आणि क्ष शून्याकडे नेला, तर तो भागाकार १ कडे जातो, हे प्रसिद्ध आहे. परीक्षेत विचारले, हे सिद्ध करा. विद्यार्थी लोपितालचा नियम लावतो, अंश व छेद यांचे अवकलन करतो, साइनचे अवकलन कोसाइन, क्ष चे अवकलन १, आणि एका ओळीत उत्तर १ काढून मोकळा होतो. त्याचे उत्तर बरोबर आहे. पण ही सिद्धता आहे काय? ज्या पुस्तकात साइनची ओळख वर्तुळावरून करून दिली आहे, तेथे साइनचे अवकलन कोसाइन आहे हे ठरविताना हीच सीमा आधी लागते. तेव्हा तेथे हे उत्तर शुद्ध चक्रापत्ती आहे. उलट, वॉल्टर रुडिन यांच्या १९५३ सालच्या विश्लेषणाच्या प्रसिद्ध ग्रंथात साइनची व्याख्या अनंत श्रेणींच्या आधारे येते व तिचे अवकलन त्यावरूनच निघते. त्या वाटेने आलेल्या विद्यार्थ्याच्या या ओळीत दोष काढता येणार नाही. विषयपत्रिकेत मात्र दोन्ही ठिकाणी एकच निष्पत्ती लिहिलेली असते की, विद्यार्थ्यास सीमा काढता येईल. काढता आली की! पण त्यांपैकी एकाने विचार केला आणि एकाने स्वतःस फसविले, हा भेद त्या वाक्याला दिसत नाही.

लॉगॅरिदमची गोष्ट अशीच. जी. एच. हार्डी यांनी १९०८ सालच्या आपल्या ग्रंथात लॉगॅरिदमची व्याख्या इंटिग्रलने, म्हणजे वक्राखालील क्षेत्रफळाने केली, आणि त्याचे सर्व गुणधर्म तेथून काढले. शाळेतल्या वाटेने जाणारी पुस्तके घातांकापासून निघतात आणि अपरिमेय घातांकाचा अर्थ काय, हा अडचणीचा प्रश्न विद्यार्थ्याच्या भलेपणावर सोपवून पुढे जातात. जेम्स स्टुअर्ट यांचा जगभर खपणारा कॅल्क्युलसचा ग्रंथ प्रथम १९८७ साली निघाला. त्याची दोन रूपे प्रचारात आहेत, एकात लॉगॅरिदम उशिरा येतो, दुसऱ्यात लवकर. लेखक एकच, प्रकाशक एकच, मुखपृष्ठही बहुतेक सारखे. आणि तरी एका रूपाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या महाविद्यालयाने, आपल्या नकळत, विद्यार्थ्याला काय सिद्ध करता येईल आणि काय नुसते मानावे लागेल याची वाटणी बदललेली असते.

मग करावे काय? साध्य इतके व्यापक लिहावे की कोणत्याही पुस्तकास ते लागू पडावे, असा एक सल्ला मिळतो. 'विद्यार्थ्यास तर्कशुद्ध विचार करता येईल' असे लिहिले की पुस्तके कितीही येवोत आणि जावोत, यादीला धक्का लागत नाही. पण ज्या वचनाचा कधी भंगच होऊ शकत नाही ते वचन घेऊन विद्यार्थ्याने करावयाचे काय? याच्या उलट, कलमांचे क्रमांक देऊन साध्य अगदी नेमके लिहावे, तर नव्या आवृत्तीत क्रमांक सरकले की ते कोलमडते. आमच्या विद्यापीठांच्या विषयपत्रिकांत व्याप्ती सांगताना पुस्तकाच्या कलमांचेच आकडे छापण्याची चाल आहे. ती सोयीची आहे यात संशय नाही, पण तिने पुस्तकाच्या लेखकास अभ्यासमंडळाच्या अध्यक्षपदी बसविले आहे, आणि त्या बिचाऱ्यास त्याची दादही नाही.

आमच्या समजुतीप्रमाणे वाट या दोहोंच्या मधून जाते, आणि ती डॉजसन यांच्या तक्रारीनेच दाखविली आहे. 'साइनची सीमा काढता येईल' असे न लिहिता, 'साइनची जी व्याख्या वर्गात स्वीकारली, तिच्यापासून आरंभ करून तिच्या अवकलनापर्यंतची प्रत्येक पायरी कशावर उभी आहे ते सांगता येईल' असे लिहिले, तर पुस्तक कोणतेही येवो, हे वचन जिवंत राहते. ते पाळले की मोडले हे तपासताही येते. परीक्षकाने एवढेच विचारावयाचे: तुझा आधार काय, आणि त्या आधाराचा आधार काय? ज्याने समजून अभ्यास केला आहे तो आपल्या पुस्तकाच्या क्रमाने उत्तर देईल. ज्याने पाठ केले आहे तो तिसऱ्याच पायरीवर अडखळेल. येथे पुस्तकास त्याचा मान मिळतो, कारण आधार त्याचाच घ्यावयाचा आहे. पण मालकी मिळत नाही.

सर्वच साध्ये अशी लिहिता येतील असा आमचा दावा नाही. संख्यात्मक रीती, कोष्टके, संगणकावरील काम यांत कौशल्याचा भाग मोठा आहे आणि तेथे साधेसुधे 'करता येईल' पुरेसे आहे.

आता साध्यच बदलावे असे कोणास वाटले तर? तसे वाटणे हा गुन्हा नव्हे. अमेरिकेत १९८६ च्या जानेवारीत टुलेन विद्यापीठात कॅल्क्युलसच्या शिक्षणाविषयी एक परिषद भरली आणि तेथून सुधारणेची चळवळ उभी राहिली. तीतून निघालेले, हार्व्हर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने अनेक संस्थांतील अध्यापकांनी लिहिलेले पुस्तक १९९४ साली बाहेर पडले. प्रत्येक विषय आलेखाने, आकड्यांनी आणि सूत्रांनी अशा तिन्ही अंगांनी मांडावा, हे त्याचे ब्रीद. काटेकोर सिद्धतांचा भाग त्यात बराच कमी केला होता. त्यावर मोठे वादळ उठले. सिद्धता गेली म्हणजे गणितच गेले, असे विरोधक म्हणाले. समजच नव्हती तेथे सिद्धता होती कोठे, असे समर्थकांनी उलट विचारले. आमचा कल विरोधकांकडे थोडा अधिक आहे, हे आम्ही लपवीत नाही. पण एका गोष्टीचे श्रेय त्या पुस्तकाच्या कर्त्यांस दिले पाहिजे. त्यांनी वचन बदलले ते उघडपणे, चव्हाट्यावर, कारणे देऊन बदलले. घेणाऱ्यास काय कमी मिळणार आणि काय अधिक, हे त्यांनी सांगितले. वचन बदलणे आणि वचन चोरून मोडणे यांतील हे अंतर थोडे नाही. आपल्याकडे बहुधा पुस्तक गुपचूप बदलते, वचन त्याच्या मागोमाग गुपचूप वाकते, आणि कोणी काही बदलले आहे असे कोणासच वाटत नाही.

किंमतीच्या बाबतीत मात्र आम्हांस दोन बाजू दिसत नाहीत. नव्या आवृत्तीत उदाहरणांचे क्रमांक तेवढे हलवून जुनी प्रत निरुपयोगी करावयाची, हा व्यापार गरीब विद्यार्थ्याच्या खिशातून चालतो. २०१६ साली 'ओपनस्टॅक्स' या संस्थेने कॅल्क्युलसचे तीन खंड कोणासही विनामूल्य वाचता येतील असे प्रसिद्ध केले. महाग पुस्तक सोडून असे फुकट पुस्तक लावणाऱ्या अध्यापकाने धर्मकृत्यच केले, असे आम्ही म्हणू. फक्त त्याने लावण्यापूर्वी ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचावे, आणि आपल्या वचनातील कोणती पायरी त्यात गाळली आहे ती स्वतः लिहून वर्गात वाटावी. चार पानांचे टिपण पुरते. गणेश दैवज्ञांनी केले ते हेच, प्रमाण तेवढे लहान.

परंतु यादी, पुस्तक आणि टिपण ही तिन्ही जुळली तरी एक चौथी गोष्ट राहते, आणि विद्यार्थी तिलाच खरे वचन मानतो. ती म्हणजे प्रश्नपत्रिका. यात त्याचे चुकते असे आम्हांस वाटत नाही. केंब्रिजमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूटनच्या ठिपक्यांची लिपी चालत होती आणि युरोप खंड लायब्निट्सच्या लिपीने कितीतरी पुढे निघून गेला होता. बॅबेज, हर्शेल आणि पीकॉक या तरुणांनी १८१२ साली मंडळी स्थापिली. १८१६ साली लाक्रवा यांच्या फ्रेंच ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर केले. उत्तम पुस्तक हाती आले, पण अभ्यास बदलला नाही. कारण परीक्षेत जुनेच विचारीत. मग १८१७ साली पीकॉक स्वतः परीक्षक झाले आणि त्यांनी आपल्या प्रश्नांत नवी लिपी घातली. त्यांचे जोडीदार परीक्षक जॉन व्हाइट यांनी आपल्या प्रश्नांत जुनीच ठेविली. दोन वर्षांनी, १८१९ साली, पीकॉक पुन्हा परीक्षक झाले, जोडीदार ग्वाटकिन त्यांच्याच मताचे मिळाले, आणि नवी लिपी रुजली. उदाहरणांचा संग्रह निघाला तो त्याच्याही नंतर, १८२० साली. भूमितीचा प्रश्नही असाच सुटला. केंब्रिजने १९०३ साली युक्लिडच्या क्रमाचा हट्ट सोडला, कोणतीही सुसंगत सिद्धता चालेल असे ठरविले, आणि ज्या हॉल व स्टीव्हन्स या जोडीने तोवर युक्लिडचेच क्रमिक पुस्तक चालविले होते, त्याच जोडीची नव्या धर्तीची शालेय भूमिती त्या सुमारास बाजारात आली. आपल्याकडच्या कित्येक घरांत आजोबांच्या ट्रंकेत हे दुसरे पुस्तक सापडेल. परीक्षा हलली तेव्हा पुस्तक हलले.

पीकॉक यांचा विजय गणिताच्या हिताचा झाला, यात वाद नाही. तरीपण १८१७ साली परीक्षागृहात बसलेल्या त्या तरुणांचा विचार आमच्या मनातून जात नाही. त्यांना शिकविले गेले एका लिपीत आणि अर्धे प्रश्न आले दुसऱ्या लिपीत. शास्त्राची प्रगती हे उदात्त ध्येय खरे, पण तिची किंमत त्या वर्षीच्या परीक्षार्थ्यांनी, त्यांस न विचारता, का द्यावी? आजही विषयपत्रिका बदलली म्हणजे अशी एक पिढी मध्ये सापडते. एखादा विषय राहिलेला, आजारपणामुळे वर्ष बुडालेला, नोकरी करून परीक्षा देणारा विद्यार्थी जुन्या पुस्तकावर अभ्यास करून येतो, आणि त्याच्यासमोर प्रश्न येतो तो नव्या पुस्तकाच्या गृहीतांवर बेतलेला. विद्यापीठे जुन्या विषयपत्रिकेच्या परीक्षा आणखी काही वेळा घेतात, ही त्यांची न्यायबुद्धी आम्ही मान्य करतो. पण पत्रिका काढणारा व तपासणारा आता नवेच पुस्तक शिकवीत असतो, आणि मिनॉसची अडचण नेमकी तेथे पुन्हा उभी राहते.

ती पुष्कळशी टाळण्यास फार खर्च लागत नाही. सिद्धतेच्या प्रत्येक प्रश्नाखाली काय गृहीत धरण्यास हरकत नाही, हे एका ओळीत छापावे. मग विद्यार्थी कोणत्या पुस्तकाचा, हे परीक्षकास ओळखीत बसण्याचे कारण नाही. आणि जुन्या पुस्तकाच्या दोनचार प्रती, अध्यापकाच्या टिपणासह व त्या काळच्या प्रश्नपत्रिकांसह, ग्रंथालयात राहू द्याव्या. त्या पुस्तकावर ज्याची परीक्षा व्हावयाची आहे असा शेवटचा विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत त्या रद्दीत घालू नयेत.